संगणकाच्या नेटवर्क इंटरफेसचे कॉन्फिगरेशन : चालू स्थिती आणि लिखित स्थिती

प्रस्तावना :

महाविद्यालयांच्या दैनंदिन कामकाजात संगणकांच्या नेटवर्कला आज मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. प्रवेशप्रक्रिया, ग्रंथालय, परीक्षा विभाग आणि प्रयोगशाळा यांचे व्यवहार त्यावर अवलंबून असतात. या नेटवर्कच्या मुळाशी असलेली क्रिया मात्र साधी आहे. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क इंटरफेसला पत्ता देणे, त्या पत्त्याची व्याप्ती ठरविणे आणि बाहेर जाण्याचा मार्ग दाखविणे, यालाच इंटरफेसचे कॉन्फिगरेशन असे म्हणतात. युनिक्स व लिनक्स या कार्यप्रणालींमध्ये हे काम आज्ञा टंकूनही करता येते आणि संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या स्टार्टअप स्क्रिप्टद्वारेही करता येते.

या दोन पद्धती म्हणजे एकाच कामाचे दोन पर्याय, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः त्यांचे परिणाम भिन्न आहेत. आज्ञेने झालेला बदल हा संगणकाच्या स्मृतीतील चालू स्थितीचा बदल असतो, तर फाईलमध्ये लिहिलेला बदल हा पुढील प्रत्येक प्रारंभासाठी दिलेला आदेश असतो. चालू स्थिती आणि लिखित स्थिती यांत तफावत पडली तर संगणक महिनोन्महिने सुरळीत चालतो आणि एखाद्या दिवशी वीज जाऊन परत आली की नेटवर्कवरून अदृश्य होतो. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रातील अनेक गावे व शहरे तीव्र भारनियमनाला सामोरी गेली. अशा परिस्थितीत संगणक पुन्हा सुरू होणे ही अपवादात्मक घटना राहत नाही. म्हणून या भेदाचे विवेचन तांत्रिक कर्मचाऱ्यांइतकेच अध्यापकांनाही उपयुक्त ठरावे.

लेखाची उद्दिष्टे :

१) इंटरफेस कॉन्फिगरेशनच्या जुन्या व नव्या आज्ञांचा परिचय करून देणे.
२) चालू स्थिती व लिखित स्थिती यांतील भेद स्पष्ट करणे.
३) विविध कार्यप्रणालींतील स्टार्टअप स्क्रिप्टच्या पद्धतींचा तौलनिक आढावा घेणे.
४) प्रात्यक्षिकांच्या अध्यापनासाठी काही सूचना मांडणे.

लेखातील आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष वापरात त्या रोमन लिपीत टंकाव्या लागतात, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

१. इंटरफेस आणि त्याची नावे :

नेटवर्क कार्ड ही भौतिक वस्तू होय. इंटरफेस हे कर्नलने त्या वस्तूला दिलेले तार्किक रूप होय. सर्वच इंटरफेसमागे कार्ड असते असे नाही. 'एलओ' अर्थात लूपबॅक हा इंटरफेस संगणकाने स्वतःशीच संवाद साधण्यासाठी असतो व त्याचा पत्ता १२७.०.०.१ हा असतो.

नावांच्या बाबतीत कार्यप्रणालींमध्ये भिन्नता आहे. फ्रीबीएसडीमध्ये नाव चालकावरून पडते. इंटेलच्या अनेक कार्डांना 'ईएम०', तर रिअलटेकच्या कार्डांना 'आरई०' असे नाव मिळते. लिनक्समध्ये दीर्घकाळ 'ईटीएच०', 'ईटीएच१' अशी नावे प्रचलित होती. ती कार्डे ज्या क्रमाने सापडत त्या क्रमाने दिली जात. दोन कार्डे असलेल्या संगणकात हा क्रम बदलला की आतल्या नेटवर्कचा पत्ता बाहेरच्या कार्डाला मिळण्याचा संभव असे. २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीत कार्डाच्या स्थानावरून नाव देण्याची पद्धत आली. 'ईएनपी३एस०' या नावात 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी३' म्हणजे तिसऱ्या क्रमांकाची पीसीआय बस आणि 'एस०' म्हणजे शून्य क्रमांकाचा स्लॉट. नाव बोजड झाले, परंतु ते प्रत्येक प्रारंभाला तेच राहू लागले. लिखित स्थितीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. कारण फाईलमधील आदेश नावानेच दिला जातो. प्रस्तुत विवेचनात सोयीसाठी 'ईटीएच०' हेच नाव वापरले आहे.

२. आज्ञांद्वारे कॉन्फिगरेशन :

'आयएफकॉन्फिग' ही आज्ञा १९८३ च्या ४.२ बीएसडी या प्रणालीत प्रथम आली. बीएसडी परंपरेतील प्रणालींमध्ये ती आजही मुख्य साधन आहे. लिनक्समध्ये तिचा नमुनेदार वापर असा होतो :

आयएफकॉन्फिग ईटीएच० १९२.१६८.१.१० नेटमास्क २५५.२५५.२५५.१९२ अप
राऊट ॲड डिफॉल्ट जीडब्ल्यू १९२.१६८.१.१

पहिल्या ओळीने पत्ता व नेटमास्क दिला जातो आणि इंटरफेस कार्यान्वित होतो. दुसऱ्या ओळीने बाहेरच्या नेटवर्कसाठी गेटवे ठरतो.

१९९९ मध्ये आलेल्या लिनक्स २.२ च्या सुमारास ॲलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी 'आयपीराऊट२' हा आज्ञासंच विकसित केला. त्यातील 'आयपी' या एकाच आज्ञेत पत्ता, दुवा व मार्ग या तिन्हींचे व्यवस्थापन सामावले आहे :

आयपी ॲड्रेस ॲड १९२.१६८.१.१०/२६ डेव्ह ईटीएच०
आयपी लिंक सेट ईटीएच० अप
आयपी राऊट ॲड डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१

दोन्ही आज्ञांच्या वृत्तीत फरक आहे. 'आयएफकॉन्फिग'ने नवा पत्ता दिला की जुना पत्ता जातो. 'आयपी ॲड्रेस ॲड'ने नवा पत्ता जुन्याच्या जोडीला येऊन बसतो. जुना काढण्यासाठी स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. शिवाय अशा रीतीने जोडलेला, लेबल नसलेला दुय्यम पत्ता लिनक्समधील 'आयएफकॉन्फिग'च्या यादीत दिसत नाही. संगणक ज्या पत्त्याला प्रतिसाद देतो तो पत्ताच यादीत नसावा, हे कोडे पुष्कळदा या कारणाने पडते. डेबियनच्या ९ व्या आवृत्तीपासून (२०१७) 'आयएफकॉन्फिग' मूळ स्थापनेत येत नाही. त्यामुळे जुन्या आज्ञा केवळ परिचयापुरत्या शिकवाव्यात व प्रात्यक्षिकात 'आयपी'चा उपयोग करावा, हे श्रेयस्कर.

३. नेटमास्कचे महत्त्व : एक उदाहरण

समजा, एका महाविद्यालयात दोन प्रयोगशाळा असून प्रत्येकीत ५० संगणक आहेत. पहिलीला १९२.१६८.१.०/२६ आणि दुसरीला १९२.१६८.१.६४/२६ हा पत्त्यांचा गट दिला आहे. '/२६' म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २६ बिट नेटवर्कचे व उरलेले ६ संगणकाचे. ६ बिटांत ६४ पत्ते होतात. त्यांतील पहिला नेटवर्कसाठी व शेवटचा सर्वांना उद्देशून पाठवायच्या संदेशासाठी राखीव असल्याने ६२ पत्ते वापरता येतात. पहिल्या प्रयोगशाळेचे पत्ते १ ते ६२ आणि दुसरीचे ६५ ते १२६ असे होतील. दोन्ही प्रयोगशाळांमधील वाहतूक राऊटरमधून जाईल.

आता पहिल्या प्रयोगशाळेतील सर्व्हरला 'आयएफकॉन्फिग'ने केवळ पत्ता दिला आणि नेटमास्क लिहिला नाही, तर काय होईल? ही आज्ञा अशा वेळी पत्त्यांच्या जुन्या वर्गवारीचा आधार घेते. १९९३ मध्ये सीआयडीआर पद्धत स्वीकारली गेल्यानंतर ही वर्गवारी कालबाह्य ठरली. परंतु आज्ञेच्या पूर्वगृहीतात ती टिकून आहे. त्यामुळे सर्व्हरला २५५.२५५.२५५.० हा नेटमास्क मिळतो व १९२.१६८.१ ने सुरू होणारे सर्व पत्ते आपल्याच प्रयोगशाळेत आहेत असे तो मानू लागतो. आपल्या प्रयोगशाळेतील संगणकांशी त्याचा संपर्क होतो. गेटवे सापडतो. इंटरनेटही चालते. केवळ दुसऱ्या प्रयोगशाळेशी संपर्क होत नाही. कारण तेथील १९२.१६८.१.७० हा पत्ता तो राऊटरकडे न सोपवता स्वतःच्याच तारेवर शोधत राहतो. दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेली विचारणा राऊटरमार्गे त्याच्यापर्यंत पोहोचते, परंतु उत्तर याच कारणाने परत जात नाही. सर्वसाधारणपणे अशा वेळी दोष केबलला, स्विचला किंवा राऊटरला दिला जातो.

'आयपी' आज्ञेत लांबी लिहिली नाही तर ती '/३२' गृहीत धरते, म्हणजे त्या संगणकाला कोणीच शेजारी उरत नाही. ही चूक तत्काळ लक्षात येते. या दृष्टीने नवी आज्ञा अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

४. चालू स्थिती आणि लिखित स्थिती :

वरील सर्व आज्ञा कर्नलच्या स्मृतीत बदल करतात. डिस्कवर त्यांची कोणतीही नोंद होत नाही. संगणक बंद होताच हे सर्व नाहीसे होते. इतकेच नव्हे, तर लिनक्समध्ये इंटरफेस क्षणभर 'डाउन' करून पुन्हा 'अप' केला तरी आयपीव्ही४ चा पत्ता राहतो व शेजारच्या नेटवर्कचा मार्ग परत येतो, परंतु हाताने दिलेला डिफॉल्ट मार्ग परत येत नाही. प्रयोगशाळेत सर्व काही दिसते आणि इंटरनेट मात्र बंद पडते, याचा उलगडा येथे होतो.

जे आज्ञेने केले ते तात्पुरते आणि जे फाईलमध्ये लिहिले ते कायमचे, असा ढोबळ नियम यातून काढता येईल. तथापि तो पुरेसा नाही. पुढील दोन उदाहरणे त्याच्या मर्यादा दाखवितात.

गेटवे म्हणून काम करणाऱ्या लिनक्स संगणकाला एका इंटरफेसवरील वाहतूक दुसऱ्याकडे पाठविण्याची अनुमती द्यावी लागते. त्यासाठी '/प्रॉक/सिस/नेट/आयपीव्ही४/आयपी_फॉरवर्ड' येथे १ हा अंक लिहितात. येथे फाईलमध्ये लिहिल्याचा भास होतो. प्रत्यक्षात '/प्रॉक' ही डिस्कवरील जागाच नव्हे; ते कर्नलच्या स्मृतीचे फाईलच्या रूपातील दर्शन आहे. पुनःप्रारंभानंतर तो १ पुसला जातो. तो टिकविण्यासाठी '/ईटीसी/सिसकंट्रोल.डी' या निर्देशिकेतील फाईलमध्ये त्याची नोंद करावी लागते.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरची नोंद '/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ' या फाईलमध्ये असते. ही फाईल बहुधा खरोखरच डिस्कवर असते. तरीही अनेक प्रणालींत नेटवर्कमॅनेजर किंवा डीएचसीपी क्लायंट ती नव्याने लिहितो आणि हाताने केलेली दुरुस्ती लोप पावते.

तात्पर्य, बदल कोठे लिहिला यापेक्षा त्या स्थितीचा मालक कोण, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रत्येक इंटरफेसचा एकच मालक असावा आणि बदल त्या मालकालाच सांगावा. एकाच इंटरफेसवर दोन व्यवस्थापकांना अधिकार दिल्यास जो शेवटी चालेल त्याचे म्हणणे खरे ठरते.

५. स्टार्टअप स्क्रिप्टच्या पद्धती :

लिखित स्थिती वाचून ती चालू स्थितीत उतरविण्याचे काम स्टार्टअप स्क्रिप्ट करते. आरंभीच्या युनिक्समध्ये '/ईटीसी/आरसी' या स्क्रिप्टमध्येच आज्ञा ओळीने लिहिलेल्या असत. पुढे माहिती व कृती यांची फारकत झाली. स्क्रिप्ट प्रणालीने पुरवायची आणि पत्ते तेवढे प्रशासकाने वेगळ्या फाईलमध्ये लिहायचे, असे तत्त्व रूढ झाले.

फ्रीबीएसडीमध्ये ही माहिती '/ईटीसी/आरसी.कॉन्फ' या एकाच फाईलमध्ये असते. ओपनबीएसडीमध्ये प्रत्येक इंटरफेससाठी '/ईटीसी/होस्टनेम.ईएम०' अशी स्वतंत्र फाईल असते व '/ईटीसी/नेटस्टार्ट' ही स्क्रिप्ट ती वाचते. डेबियनमध्ये '/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस' ही फाईल प्रचलित आहे :

ऑटो ईटीएच०
आयफेस ईटीएच० आयनेट स्टॅटिक
ॲड्रेस १९२.१६८.१.१०
नेटमास्क २५५.२५५.२५५.१९२
गेटवे १९२.१६८.१.१

यातील पहिली ओळ कळीची आहे. 'ऑटो' हा शब्द नसल्यास 'आयएफअप' या आज्ञेने इंटरफेस हाताने सुरू करता येतो, परंतु प्रारंभी तो आपोआप सुरू होत नाही. रेड हॅट परंपरेत हेच काम 'आयएफसीएफजी-ईटीएच०' या फाईलमधील 'ऑनबूट=येस' ही ओळ करीत असे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ९ व्या आवृत्तीत (२०२२) त्या जुन्या नेटवर्क स्क्रिप्ट काढून टाकण्यात आल्या व ते काम पूर्णतः नेटवर्कमॅनेजरकडे गेले. सिस्टमडी-नेटवर्कडी २०१४ मध्ये आले आणि उबंटूने १७.१० या आवृत्तीपासून (२०१७) नेटप्लॅनचा अवलंब केला.

नेटवर्कमॅनेजरच्या 'एनएमसीएलआय' या आज्ञेत तफावतीची दिशा उलटी होते. 'कनेक्शन मॉडिफाय'ने केलेला बदल लगेच डिस्कवर नोंदला जातो, परंतु चालू इंटरफेसचा पत्ता 'कनेक्शन अप' ही आज्ञा देईपर्यंत जुनाच राहतो. येथे लिखित स्थिती पुढे असते व चालू स्थिती मागे. विद्यार्थ्याने बदल केला, तपासून पाहिले, जुनाच पत्ता दिसला आणि आपले चुकले असे समजून त्याने पुन्हा वेगळा बदल केला, असे येथे सहज घडू शकते.

स्क्रिप्टमधील क्रमही अर्थपूर्ण असतो. प्रथम लूपबॅक, मग इंटरफेसचा पत्ता, मग डिफॉल्ट मार्ग आणि अखेरीस वेब, ईमेल यांसारख्या सेवा. इंटरफेसला पत्ता नसताना गेटवेचा मार्ग देऊ गेल्यास कर्नल तो नाकारतो. कारण गेटवेपर्यंतच कसे पोहोचावे हे त्याला ठाऊक नसते. रेड हॅटच्या जुन्या पद्धतीत हा क्रम फाईलच्या नावातील अंकांनी राखला जाई. 'एस१०नेटवर्क' आधी चाले व 'एस८०सेंडमेल' नंतर. अडचण आली की 'आरसी.लोकल' या फाईलच्या शेवटी आज्ञा जोडून देण्याची प्रथा येथेच त्रासदायक ठरते. ती फाईल जुन्या पद्धतीत सर्वांत शेवटी चालते. तोपर्यंत ज्या सेवांना पत्ता हवा होता त्या अपयशी होऊन गेलेल्या असतात.

६. दूरस्थ बदल आणि तात्पुरतेपणाचा उपयोग :

चालू स्थिती तात्पुरती असणे हा केवळ दोष मानू नये. दुसऱ्या इमारतीतील सर्व्हरचा पत्ता एसएसएचद्वारे बदलताना ज्या दुव्यावरून आपण बोलत आहोत तोच तुटण्याचा धोका असतो. अशा वेळी अनुभवी प्रशासक आधी 'शटडाउन -आर +१०' ही आज्ञा देऊन ठेवतात. दहा मिनिटांनी संगणक पुन्हा सुरू होईल असा त्याचा अर्थ. त्यानंतर फाईलला स्पर्श न करता केवळ आज्ञेने बदल करतात. संपर्क टिकला तर 'शटडाउन -सी'ने पुनःप्रारंभ रद्द करून मगच बदल फाईलमध्ये लिहितात. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी संगणक जुन्या लिखित स्थितीसह परत येतो. नेटप्लॅनमधील 'नेटप्लॅन ट्राय' ही आज्ञा हेच तत्त्व वापरते. १२० सेकंदांत पुष्टी न मिळाल्यास ती बदल मागे घेते. प्रथम चालू स्थितीत परीक्षण, नंतर लिखित स्थितीत नोंद, ही शिस्त यातून मिळते.

७. दोषशोधन आणि अध्यापन :

दोष शोधताना जवळून दूर जावे. 'आयपी लिंक'च्या उत्तरात 'नो-कॅरिअर' दिसल्यास प्रश्न केबलचा किंवा स्विचचा आहे. पत्ते तपासण्यात वेळ घालवू नये. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास संगणकाला डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर मिळाले नाही, असे बहुधा समजावे. त्यानंतर गेटवे, मग बाहेरचा एखादा पत्ता आणि शेवटी नाव, या क्रमाने 'पिंग' करावे. पत्त्याला प्रतिसाद मिळतो पण नावाला मिळत नाही, तर दोष डीएनएसचा. आपल्या प्रयोगशाळेत सर्व ठीक पण शेजारच्या प्रयोगशाळेशी संपर्क नाही, तर नेटमास्क पाहावा.

प्रात्यक्षिकांच्या संदर्भात एक सूचना येथे करावीशी वाटते. विद्यार्थी आज्ञा टंकतो, 'पिंग'ला उत्तर येते आणि प्रात्यक्षिक पूर्ण झाले असे मानून वहीवर सही होते. या पद्धतीत चालू स्थितीचीच परीक्षा होते. प्रात्यक्षिकाच्या शेवटी संगणक पुन्हा सुरू करावयास लावावा व त्यानंतर, विद्यार्थ्याने कळफलकाला हात न लावता, शेजारच्या संगणकावरून 'पिंग' करावे. यास पाच मिनिटे अधिक लागतील. परंतु विद्यार्थ्याने कामचलाऊ उपाय केला की व्यवस्था उभी केली, याचा निवाडा त्या पाच मिनिटांत होईल. प्रत्यक्ष सर्व्हरच्या बाबतीतही प्रवेशप्रक्रियेच्या किंवा परीक्षेच्या आधी, सवडीच्या वेळी, असा नियोजित पुनःप्रारंभ करून पाहावा.

याच अनुषंगाने फाईलमधील टिपणांचा उल्लेख करावा लागेल. बहुतेक कॉन्फिगरेशन फाईलमध्ये '#' या चिन्हापुढील मजकूर कार्यप्रणाली वाचत नाही. तो माणसांसाठी असतो. बदल कोणत्या दिवशी व कोणत्या कारणाने केला, याची एक ओळ तेथे लिहावी. प्रयोगशाळा सहायक बदलतात, कंत्राटे संपतात, अध्यापक निवृत्त होतात. आज्ञा त्यांच्या स्मरणात राहते आणि त्यांच्यासोबत जाते. फाईल मागे राहते.

निष्कर्ष :

१) कॉन्फिगरेशनच्या आज्ञा कर्नलची चालू स्थिती बदलतात, तर स्टार्टअप स्क्रिप्ट लिखित स्थितीवरून ती पुन्हा उभी करते. या दोन स्थितींचा मेळ राखणे हेच प्रशासकाचे मुख्य काम होय.
२) प्रत्येक इंटरफेसला एकच व्यवस्थापक असावा. नोंद टिकते की पुसली जाते, हे त्यावरून ठरते.
३) नेटमास्क सदैव स्पष्टपणे लिहावा, आज्ञेच्या पूर्वगृहीतावर विसंबू नये.
४) बदल आधी आज्ञेने पारखावा, मग फाईलमध्ये लिहावा आणि अखेरीस पुनःप्रारंभ करून पडताळावा.

साधने यापुढेही बदलत राहतील. 'आयएफकॉन्फिग'च्या जागी 'आयपी' आले, स्क्रिप्टच्या जागी सिस्टमडी आले. परंतु आत्ता जे चालू आहे ते उद्या सकाळी आपोआप उभे राहील काय, हा प्रश्न १९८३ मध्ये जितका समर्पक होता तितकाच आजही आहे. तो प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे या विषयाच्या अध्यापनाचे खरे प्रयोजन मानावे.